मी साडी नेसलो त्याची गोष्ट

(द्वितीय वर्ष, कला)

"तुका साडी नेसूक येता काय रे?"

मिठबावात, भर दुपारी, वाण्याच्या दुकानासमोर मला हा प्रश्न विचारण्यात आला. विचारणारे होते आमच्या वाडीच्या हौशी दशावतार मंडळाचे बुवा. बुवा म्हणजे पेटी वाजवणारे, गाणारे, आणि रंगात आलेल्या प्रयोगात कुणी भलतेच बोलू लागला तर दोन ओळी गाऊन त्याला ताळ्यावर आणणारे गृहस्थ. त्यांच्यापुढे वाडीत सहसा कुणी 'नाही' म्हणत नाही. मी चाचरत म्हटले, "नाय ओ बुवा."

"मगे शीक. पंधरा दिवस आसत जत्रेक," असे म्हणून बुवांनी सायकलवर टांग टाकली आणि ते निघूनही गेले.

त्याचे असे झाले होते. जत्रेच्या रात्री गावात नावाजलेली दशावतारी कंपनी येते. पण आदल्या रात्री वाडीतल्या हौशी मंडळींचा प्रयोग असतो. या वेळी 'कीचकवध' ठरले होते. सैरंध्रीचे काम दरवर्षी करणारे काका मुंबईला नोकरीला. त्यांची रजा नामंजूर झाली आणि सैरंध्री परळलाच अडकून पडली! मग बुवांनी वाडीतली सगळी पोरे नजरेखालून घातली. माझी अंगकाठी बारीक, मिशी अजून नीट फुटलेली नाही. शिवाय दशावतारात देव, राजे, राण्या बोलतात ती ग्रंथातली मराठी. मालवणी बोलायची ती संकासुराने. मी कॉलेजात मराठी घेऊन शिकतो, म्हणजे 'हे दुष्टा, या अबलेचा अंत पाहू नकोस' असे मला तरी न अडखळता म्हणता येईल, असा बुवांचा हिशेब.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. बाबा चौथीपर्यंत शिकले आणि रापणीच्या दोराला लागले. आई सहीपुरती अक्षरे काढते. ताई बारावी झाली. माझ्यापेक्षा चांगल्या गुणांनी झाली. पण दोघांचा खर्च झेपणार नव्हता म्हणून ती काजूच्या कारखान्यात जाऊ लागली आणि मी एसटीचा पास काढला. ही गोष्ट आमच्या घरात कुणी कधी बोलून दाखवीत नाही. मीही आजवर कुठे बोललो नव्हतो.

रात्री जेवताना मी विषय काढला. बाबांचा घास हातातच राहिला. "कॉलेजात घातलंय ता साडी नेसूक काय?" एवढेच ते म्हणाले आणि उठून खळ्यात जाऊन बसले. आई गप्प. ताई मात्र तोंडावर पदर धरून हसत होती. मग पाणी देण्याच्या निमित्ताने ती बाहेर गेली आणि थोड्या वेळाने बाबांचा आवाज आला, "करतलंस तर नीट कर. अर्धवट सोंग देवाक आवडणा नाय."

बाबांना ताईने काय सांगितले कोण जाणे! पण परवानगी मिळाली होती.

मित्रहो, साडी नेसणे म्हणजे काय ते आपल्यापैकी निम्म्या वाचकांना ठाऊक आहे आणि निम्म्यांना ठाऊक नाही. मी दुसऱ्या निम्म्यातला होतो. माझी कल्पना अशी, की लांब कापड आहे, गुंडाळायचे आणि खोचायचे. आमचे आजोबा आयुष्यभर पंच्यात वावरले. समुद्रावर असले की तोही नाही, नुसती लंगोटी. घरी मीही लुंगी नेसतो. मग पाच वार कापडाची भीती ती कसली?

दुसऱ्या दिवशी रात्री, जेवणे आटोपल्यावर, ताईने माझी शिकवणी सुरू केली. आईची वांगी रंगाची पाचवारी साडी निघाली. मामाने मुंबईहून आणलेली, लग्नकार्याला नेसायची, एरवी डांबराच्या गोळ्यांत राहणारी. प्रथम परकर. त्याची नाडी ताईने अशी करकचून आवळली, की माझा श्वास अडकला. "सैल कर गो ताय!" मी ओरडलो. "सैल केलंय तर भर सभेत सुटात. मगे भीम येवच्या आदीच नाटक संपात!" ती म्हणाली. मग निऱ्या. ती बोटांच्या दोन पेरांत सरसर निऱ्या घेई आणि मला घ्यायला सांगितल्या की कधी चार भरत, कधी अकरा. पाचव्या रात्री मला सात निऱ्या सारख्या घेता आल्या, तेव्हा विद्यापीठाच्या परीक्षेत पहिला आल्यासारखे वाटले.

पण नेसणे सोपे म्हणावे असे होते चालणे. खळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी चालू लागलो आणि तिसऱ्या पावलाला निऱ्यांवर पाय देऊन तोंडघशी पडलो.

"पाय किती उचलतंस! नांगराक जुपललो पाडो काय तू? पावला जवळ जवळ टाक. एक हात निऱ्यांजवळ रवांदे. आणि असा समोर छाती काढून बघ नको, लोका काय म्हणतली?"

"लोका काय म्हणतली ता आता कित्याक? हय कोण आसा?" मी वैतागून विचारले.

"कोण नसला तरी तसाच चालूचा लागता," ताई म्हणाली. त्या वेळी ते वाक्य माझ्या कानावरून गेले. त्याचा अर्थ पुढे लागला.

पॅन्ट घातलेल्या माणसाचे पाऊल केवढे पडते याचा तो कधी विचार करीत नाही. मी पंधरा रात्री तोच विचार करीत होतो. घरापासून एसटीच्या थांब्यापर्यंत मी दहा मिनिटांत जातो. साडी नेसून तेवढेच अंतर जायचे तर वीस लागतील, असा मी हिशेब केला. मग ध्यानात आले, की ताई रोज सकाळी याच वाटेने कारखान्यात जाते आणि मी उठायच्या आत निघते. मला वाटायचे, तिला लवकर उठायची आवडच आहे. एका रात्री तिने माझ्या कमरेवर पाण्याची कळशी दिली आणि "चल" म्हणाली. सैरंध्री विराटाच्या घरी दासी होती, तेव्हा तिला पाणी भरता यायला नको काय? अर्धी कळशी साडीवर सांडली. आई दारातून बघत होती. तिने साडीचे काय झाले ते विचारले नाही. नुसती म्हणाली, "चाळीस वर्सा झाली माका, अजून सांडता."

असो. जत्रेची आदली रात्र उजाडली.

देवळासमोर मांडव, दिव्यांचा लखलखाट, एका बाजूला खाजाच्या आणि भज्यांच्या गाड्या. आजोबा सांगत, त्यांच्या काळी दोन पेट्रोमॅक्सवर अख्खा दशावतार उजळायचा. आता विजेचे मोठे दिवे आहेत. पण रंगभूमी तीच, जमीन आणि एक बाकडे. तेच बाकडे इंद्राचे सिंहासन, तेच विराटाचा दरबार, तोच कीचकाचा पलंग. संहिता लिहिलेली नसते. कथा ठाऊक असते, बोलायचे ते उभ्या उभ्या सुचले पाहिजे. देवळाच्या मागे आम्ही रंगायला बसलो. सफेदा, कुंकू, काजळ. गंगावन लावले, बांगड्या चढवल्या. ताईने साडी नेसवली आणि खांद्यावरचा पदर एका मोठ्या पिनेने पोलक्याला अडकवला. "ह्यो काय सुटाचो नाय," ती म्हणाली.

आरशात पाहिले आणि मी दचकलो. मला वाटले होते, सोंग दिसेल. आरशात दिसली ती आमच्या घरातलीच कुणीतरी. ताईचे नाक, आईची हनुवटी. या दोघी माझ्या चेहऱ्यात इतकी वर्षे होत्या आणि मला पत्ता नव्हता!

आडदशावतार झाला. गणपती आला, सरस्वती आली, संकासुराने लोकांना पोट धरून हसवले. मग आख्यान सुरू झाले. बुवांनी सैरंध्रीच्या प्रवेशाचे पद धरले आणि माझे पाय जमिनीला खिळले. समोर हजारभर माणसे असतील. माझे शाळेतले मास्तर, वाण्याच्या दुकानातली टोळी, रापणकर, आणि डाव्या हाताला चटयांवर बसलेल्या बायका. आजवर अंगावर पॅन्ट होती म्हणून मी कुणीतरी होतो. कॉलेजातला झील होतो. आता कोण आहे?

मागून कुणीतरी ढकलले आणि मी मांडवात आलो. पहिल्या पावलाला शिट्टी. दुसऱ्याला हशा. "गो बाय माझे!" कुणीतरी ओरडले. तिसऱ्या पावलाला मी सवयीने पाय लांब टाकला, निऱ्या ताणल्या, तोल गेला; हात आपोआप निऱ्यांजवळ गेला आणि मी सावरलो. बायकांच्या बाजूने आवाज आला, "नवीनच नेसलेला दिसता. पडात हां!" त्या हसण्यात मात्र टवाळी नव्हती. नव्या नवरीला म्हणतात तसे ते होते. मी मान खाली घातली, पावले जवळ घेतली आणि चालू लागलो. हशा हळूहळू ओसरला.

कथा आपणांस ठाऊकच आहे. राणी सुदेष्णा सैरंध्रीला मद्य आणायच्या निमित्ताने आपल्या भावाच्या, कीचकाच्या, महालात पाठवते. कीचक तिचा पदर धरतो. ती दरबारात धावत जाते, तर तिथे सर्वांच्या देखत तो तिला लाथ मारतो, आणि विराट राजा गप्प बसतो. कंक नावाने बसलेला धर्मराजही गप्प बसतो. आमचा कीचक म्हणजे माझा बालमित्र, होडीवर जाणारा. दणकट हात. तालमीत तो पदर नुसता बोटांत धरायचा. त्या रात्री समोर गर्दी बघून त्याला चेव आला आणि त्याने तो खरोखरीच ओढला. ताईची पिन सुटली नाही, उघडली, आणि टोक माझ्या खांद्यात घुसले. मी किंचाळलो. ते 'हे दुष्टा' वगैरे सगळे विसरलो, नुसता एक ओरडा, तोही मालवणीत, "सोड रे!"

मांडव एकदम शांत झाला. तांबळडेगच्या बाजूने समुद्राची गाज ऐकू येत होती. मग चटईवरची एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "हात मोडो मेल्याचो!" आणि बायकांची सगळी बाजू कीचकावर तुटून पडली. कीचक बिचारा गांगरला. बुवांनी प्रसंग ओळखून पद उचलले. माझ्या खांद्यातून रक्त येत होते, पदर त्याच्या मुठीत होता, आणि हा माझा मित्र आहे, हे नाटक आहे, हे पक्के ठाऊक असूनही मला त्या एका क्षणी त्याची भीती वाटली. मी पळून जाऊ शकत नव्हतो. पळालो तर निऱ्यांत अडकून पडणार होतो. दरबारात लाथ खाऊन मी पडलो आणि वर पाहिले, तर धर्मराज बाकड्याच्या कोपऱ्यावर बसून जमिनीकडे बघत होता. त्याचा मला जो संताप आला तो सोंगाचा नव्हता.

पुढे नाट्यशाळेत, अंधारात, भीम साडी पांघरून बसला, कीचकाचा वध झाला, टाळ्या झाल्या. बुवांनी पाठ थोपटली, "ती आरोळी खयसून आणलंस रे?" बाबा मांडवाच्या कडेला सुरूच्या झाडाखाली शेवटपर्यंत उभे होते. घरी जाताना ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, "पाय दुखतत काय?" मी होय म्हटले. बस्स, एवढेच.

घरी ताईने खांद्याला हळद लावली. मी फुशारकीने सांगत होतो, की खरी किंकाळी कशी निघाली आणि सगळी जत्रा कशी गप्प झाली. ती ऐकत होती. मग हळद लावता लावता म्हणाली, "पण खराच कोण पदर ओढता तेव्हा माणूस आरडणा नाय रे."

मी वळून पाहिले. तिची नजर वाटीतल्या हळदीवर होती. मी काहीच विचारले नाही. काय विचारायचे होते ते मला ठाऊक होते. कधी, कुठे, कोण. पहाटेची वाट, भरलेली एसटी, कारखान्याचे फाटक, काहीही असेल. पण ती कंकासारखी गप्प राहिली नव्हती, गप्प मी राहिलो होतो. धर्मराजाचा संताप करून मला दोन तासही झाले नव्हते.

इथे खरे तर हा लेख संपायला हवा. पण त्यानंतर कॉलेज होते.

कुणीतरी प्रयोगाचे चित्रण मोबाईलवर केले होते. सोमवारी मी वर्गात आलो तेव्हा ते सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर पोहोचले होते. फळ्यावर लुगडे नेसलेली बाई काढलेली, खाली माझे नाव. "बाई, जागा द्या हो बाईंना!" आठ दिवस हे चालले. गंमत अशी, की २०२५ च्या सप्टेंबरात 'दशावतार' चित्रपट आला तेव्हा यातलेच कितीतरी जण तिकिटे काढून गेले होते आणि दिलीप प्रभावळकरांच्या कामाने भारावून आले होते. पडद्यावरचा दशावतार ही कोकणची संस्कृती. शेजारच्या बाकावरचा दशावतार ही टवाळीची गोष्ट! मी चिडलो, मग लाजलो, मग एक दिवस कॉलेजला आलोच नाही. आमच्या घरातला पहिला विद्यार्थी साडीपायी गैरहजर!

इतिहासाच्या सरांनी फळ्यावरचे चित्र पाहिले. त्यांनी ते पुसले नाही, रागावलेही नाहीत. त्याच्या शेजारी गुडघ्यापर्यंतच्या चुणीदार घागऱ्यातला एक पुरुष काढला आणि विचारले, हा कोण? कुणाला सांगता येईना. तो स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातला शिपाई होता आणि त्याचे वस्त्र म्हणजे किल्ट. १७४५ च्या उठावानंतर इंग्रजांच्या पार्लमेंटने १७४६ साली कायदा करून तिथल्या पुरुषांना हा वेष बंद केला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षे समुद्रापार हद्दपारी. सूट फक्त सरकारच्या पलटणीत असलेल्यांना. म्हणजे राजासाठी मरायचे असेल तर घागरा चालेल, घरी नेसायचा तर तुरुंग! १७८२ साली तो कायदा रद्द झाला. १८०३ साली आपल्याच महाराष्ट्रात, असईच्या लढाईत, शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर इंग्रजांकडून जे लढले त्यांत या हायलँडरांच्या दोन पलटणी होत्या. "त्यांना 'बाई' म्हणायला तिथे कुणाला सवड झाली नसावी," सर म्हणाले आणि हजेरी घेऊ लागले.

वर्ग हसला. त्या दिवसापासून चिडवणे कमी झाले. मलाही बरे वाटले. मी ग्रंथालयात जाऊन आणखी शोधू लागलो. आपल्या बाजूचे साक्षीदार गोळा करावेत तसे मी पुरुष गोळा केले. १९०५ साली शकुंतला म्हणून किर्लोस्कर मंडळीत आलेले बालगंधर्व. त्यांची साडी, त्यांचे दागिने पाहून घरोघरच्या स्त्रिया तसे नेसू लागल्या. खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले; प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० साली सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. ज्या सैरंध्रीची ब्रिटिश सरकारला धास्ती वाटली, तिचे काम करणारा पुरुषच. १९१३ साली फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके; १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर राम तेच आणि सीताही तेच. आणि आज आपल्या जिल्ह्यात ओमप्रकाश चव्हाण यांच्यासारखे स्त्रीपार्टी कलावंत आहेतच. त्यांचे नाव फलकावर असले की जत्रेत बसायला जागा मिळत नाही. विराटाच्या त्याच दरबारात अर्जुन बृहन्नडा होऊन उत्तरेला नाच शिकवीत होता, हेही आठवले. केवढी भक्कम फौज माझ्या पाठीशी उभी राहिली!

ही सगळी माहिती मी मोठ्या उत्साहाने ताईला सांगितली. ती काजूच्या चिकाने काळी पडलेली बोटे खोबरेल तेलाने चोळत होती. सगळे ऐकून तिने विचारले, "आणि बायलो? त्यो खय होत्यो?"

मी पुन्हा ग्रंथालयात गेलो. या वेळी शोधायला वेळ लागला. सापडल्या त्या अशा. १९१३ सालीच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कन्या कमलाबाई मोहिनी. भारतीय पडद्यावर प्रथम आलेल्या स्त्रिया या दोघी. आपल्या सावंतवाडीच्या हिराबाई पेडणेकर. त्यांनी 'संगीत दामिनी' हे नाटक लिहिले, त्या काळात लिहिले जेव्हा बाईने लिहिलेल्या बाईचे सोंगही पुरुषच घेत. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' आणली आणि ज्योत्स्ना भोळे रंगमंचावर उभ्या राहिल्या. म्हणजे पुरुषाने साडी नेसली तर त्याला फार तर आठ दिवस हसतात आणि मग कलावंत म्हणून टाळ्या देतात. बाईला स्वतःची साडी नेसून त्याच जागी उभे राहायला नव्वद वर्षे लागली! विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या 'सीतास्वयंवर'पासून मी हा हिशेब करतो आहे. आपल्या जिल्ह्यात आता बायकांचीही दशावतार मंडळे उभी राहिली आहेत. पण आमच्या वाडीच्या तालमीला बायकांनी येण्याचा रिवाज अजून नाही.

आणि मग मला ती पंधरा रात्रींची शिकवणी निराळी दिसू लागली. मला निऱ्या घ्यायला शिकवणारी ती. चालायला शिकवणारी ती. सैरंध्री सुदेष्णेपुढे कशी उभी राहील, कीचकापुढे कशी उभी राहील, हे दोन्ही करून दाखवणारी ती. खळ्यातल्या पिवळ्या दिव्याखाली ताई सैरंध्री होऊन उभी राहिली होती तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. पण तो प्रयोग पाहायला आई, मी आणि एक मांजर एवढेच प्रेक्षक होते. टाळ्या मला मिळाल्या. कॉलेजही मलाच मिळाले होते.

मी बुवांकडे गेलो. म्हटले, "बुवा, पुढच्या वर्सा सैरंध्री ताईक देवया. माझ्यापेक्षा बरी करता." बुवांनी पेटीचा भाता थांबवला, माझ्याकडे पाहिले, हसले नाहीत. बराच वेळ विचार करून म्हणाले, "बघया." आमच्याकडे 'बघया'चा अर्थ बहुधा 'नको' असा असतो, पण कधी कधी तो खरोखरीच 'बघू या' असाही असतो. बुवांच्या मनात कोणता आहे ते पुढच्या जत्रेला कळेल.

मोठी कामगिरी केल्यासारखा मी घरी आलो आणि ताईला ही बातमी दिली. ती साडीच्या पदराला रफू करीत होती. पिनेने पडलेले भोक लहानसेच, पण ओढीने तिथे जरा फाटलेही होते.

"माका विचारलंस?" ती म्हणाली.

"काय?"

"बुवांका सांगूक गेलंस. आदी माका विचारलंस, माका करूचा आसा काय म्हणान?"

मी गप्प झालो. खरेच, विचारले नव्हते. साडी नेसून मी पंधरा रात्री चाललो, पडलो, सावरलो, भर सभेत किंचाळलो. तरी सवय जायला तेवढे पुरे नव्हते. मी खाली तिच्याशेजारी बसलो आणि विचारले, "ताय, तुका करूचा आसा?"

तिने दोरा दाताने तोडला, पदर उजेडाकडे धरून रफू नीट बसला की नाही ते पाहिले, आणि मग माझ्याकडे पाहिले.

"आसा," ती म्हणाली. "पण सैरंध्री नको. माका कीचक करूचो आसा."